कोर्सचं प्रमाणपत्र आलं, नाळ मात्र अजून पंधरा सेकंदांतच कापली जाते

रात्रपाळीवाली सिस्टर | १४ मे, पहाटे ३:४०

नमस्कार मंडळी. तासाभरापूर्वी बाळंतपण झालं. बाळ-बाळंतीण ठीक आहेत, मावशी फरशी पुसतेय, आणि मला काही झोप येत नाही. म्हणून मनातलं लिहून टाकते.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स आहे. गावाचं नाव टाकत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. महिन्याला बारा-पंधरा बाळंतपणं होतात. रात्री मी, मावशी आणि क्वार्टरमध्ये झोपलेले डॉक्टर सर, एवढाच कारभार.

जानेवारीत आम्हाला एक ऑनलाइन कोर्स करायला सांगितला. विषय असा की संशोधनात जे सिद्ध झालंय ते आपल्या रोजच्या कामात कसं आणायचं. सहा आठवडे, सगळे व्हिडिओ इंग्रजीत, उदाहरणं मोठमोठ्या हॉस्पिटलांची. आमच्याकडे रेंज म्हणाल तर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. तिसऱ्या पायरीला एक काडी, सातव्या पायरीला तीन. तर मी रोज संध्याकाळी स्वेटर घालून सातव्या पायरीवर. खालून कापसाच्या गाड्या जिनिंगला चाललेल्या, आणि कानात 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट'. शेवटच्या चाचणीची उत्तरं चाचणीच्या आधीच व्हॉट्सॲपवर फिरली. मी पण पाहिली, खोटं कशाला बोलू. बहुतेकांनी व्हिडिओ चालू करून फोन टेबलावर ठेवला आणि लसीकरणाच्या याद्या भरल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, याद्याही भरायच्याच असतात.

पण एक धडा डोक्यात रुतला. त्यात सांगितलं होतं, तुमच्या कामातली एकच गोष्ट निवडा, जिथं सगळ्यांना माहीत असतं एक आणि हात करतात दुसरंच. आधी फक्त मोजा. कोणाला सुधारायला जाऊ नका.

मी नाळ निवडली.

लेबर रूमच्या भिंतीवर आमच्याकडे तक्ता आहे, त्यावर लिहिलंय की बाळ रडलं, श्वास ठीक असला, तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापा. त्या तक्त्याच्या खिळ्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या एका मिनिटातच वारेतून साधारण ८० मिली रक्त मिळतं. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच असतं दोनशे मिलीच्या आसपास, तेव्हा हिशेब करा. या रक्तातलं लोह पुढं सहा महिन्यांपर्यंत पुरतं. आणि आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय आहे, २०१९-२१ च्या पाहणीचा आकडा आहे हा. वर आमच्या बायका कापूस वेचायच्या दिवसांत नवव्या महिन्यापर्यंत शेतात. त्यांचंच हिमोग्लोबिन आठ-नऊ.

तर मोजलं. खिशात फोनचं स्टॉपवॉच चालू ठेवून नऊ बाळंतपणं. सगळ्यात लवकर ८ सेकंद, सगळ्यात उशीर ४० सेकंद, बाकी सगळी पंधराच्या आसपास. त्या नऊपैकी चार नाळा मीच कापल्या होत्या. मोजतेय मीच, कापतेय मीच, आणि तरी हात थांबला नाही! हे पाहून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

मग सरांना सांगितलं. सर म्हणाले, "सिस्टर, बाळात जास्त रक्त गेलं की कावीळ होते. लाइटखाली ठेवायला फोटोथेरपी आहे का आपल्याकडे?" दिवसपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "कोर्सवाल्यांना म्हणा, इथं येऊन एक बाळंतपण करून दाखवा."

तर माझा प्रश्न असा. असा कोर्स केल्यावर तुमच्याकडे कोणाचं प्रत्यक्षात काही बदललं का? बदललं तर नेमकं काय हलवलंत? "स्टाफला मोटिव्हेट करा" हे सोडून काहीही सांगा.

---

निवृत्त एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर), वाशीमकडची | १४ मे, सकाळी ७:१५

पोरी, रात्री तीनला लिहिलंस, म्हणजे खरंच मनाला लागलंय.

तुमचा हात का थांबत नाही ते मी सांगते. आमच्या पिढीला शिकवलंच तसं होतं. रक्तस्राव टाळायचा तर तीन गोष्टी एका दमात: इंजेक्शन, लगेच नाळ चिमटून कापणे, नाळ हलकी ओढून वार काढणे. तेव्हा ते नवं शास्त्र होतं आणि आम्ही ते घोकून घोकून हातात बसवलं. पुढे अभ्यास झाले, 'लगेच कापा' हे त्या तिन्हींतून काढून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनांत एक ते तीन मिनिटं थांबा असं स्पष्ट आलं. पण नवीन शिकवायला सगळे येतात गं, जुनं काढून घ्यायला कोणी येत नाही. तुमच्या दिवसपाळीच्या सिस्टरला मी शिकवलेल्या कोणी शिकवलं असेल, तर दोष थोडा माझाही.

अजून एक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी तुमच्याच जिल्ह्यात होते. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, म्हाताऱ्या सुइणी वार पडल्याशिवाय नाळेला हात लावत नसत. आम्ही त्यांना किती रागावलो! जुनं ब्लेड, नाळेवर राख, त्यानं धनुर्वात होऊन लेकरं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा ब्लेडसाठी रागावणं बरोबरच होतं. पण ब्लेडबरोबर त्यांचं थांबणंही आम्हीच बंद केलं.

आता कामाचं. तुझा डिलिव्हरी ट्रे कसा मांडलेला असतो? कात्री आणि चिमटे सगळ्यात वर, उजव्या हाताला, बरोबर ना? हात मोकळा झाला की समोर दिसेल ते उचलतो. माणसं बदलायच्या आधी ट्रे बदलून बघ.

---

बाँडवाला एमओ (मेडिकल ऑफिसर) | १४ मे, दुपारी १:५०

तुमच्या सरांच्या बाजूनं बोलतो, कारण इथं कोणी बोलणार नाही.

कावीळीची भीती खोटी नाही. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) उशिरा नाळ कापलेल्या गटात फोटोथेरपी लागलेली बाळं शंभरात चारच्या थोडी वर होती, लवकर कापलेल्या गटात तीनच्या थोडी खाली. फरक लहान आहे. पण जिथं फोटोथेरपी साठ-सत्तर किलोमीटरवर आहे तिथं तो माझ्या डोक्याला ताप आहे.

आणि "संशोधनात सिद्ध झालंय" एवढ्यावर मी आता लगेच उडी मारत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या. मोठ्या हॉस्पिटलांत त्यानं बाळं वाचतात हे पक्कं होतं. मग गावपातळीवर ते सर्रास द्यायला लागलं तर काय होतं याचा सहा देशांत अभ्यास झाला, त्यात आपला नागपूरचा भागही होता. २०१५ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. औषध तेच, फक्त आजूबाजूला एनआयसीयू (नवजातांचा अतिदक्षता विभाग) नव्हतं, आणि दिवस नेमके किती भरलेत ते नीट ठरत नव्हतं. म्हणून कोणी मला पुरावा दाखवला की मी विचारतो, कुठल्या हॉस्पिटलातला?

नाळेच्या बाबतीत मात्र मी थांबण्याच्याच बाजूनं आहे. अट एक: कावीळ कोण बघणार ते आधी ठरवा. बाळ रडत नसेल तर अर्थातच थांबू नका, कापा आणि बॅग-मास्क लावून श्वास द्या. आणि बाळ आईच्या पोटावर ठेवलं तर रक्त उलटं जाईल ही भीती सोडा. २०१४ ला अर्जेंटिनातल्या अभ्यासात पोटावर आणि खाली धरलेल्या बाळांमध्ये फरक निघाला नाही. हे तुमच्या सरांना सांगा, आम्हाला कॉलेजात बाळ खाली धरा असंच शिकवलं होतं.

---

नियमवाला | १४ मे, दुपारी २:३०

लेबर रूममध्ये खिशात मोबाइल? इन्फेक्शन कंट्रोलचा कोर्स कोणी केला नाही वाटतं.

---

रात्रपाळीवाली सिस्टर | १४ मे, संध्याकाळी ६:०५

@नियमवाला, केलाय, त्याचंही प्रमाणपत्र आहे. फोन ॲप्रनच्या आत होता, हात लावला नाही, आवाजावर मोजलं. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नाही हो, आणि असता तरी सेल गेलेला आहे.

@एलएचव्ही मॅडम, आत्ता जाऊन ट्रे पाहून आले. कात्री वर, उजव्या हाताला. अगदी तुम्ही म्हणाल्या तशी.

---

पीएसएमचा (सामाजिक वैद्यकशास्त्राचा) मास्तर, वर्ध्याकडचा | १५ मे, रात्री १०:२०

असे कोर्स मी शिकवतो, त्यामुळे अंगावर येणारं आधीच मान्य करून टाकतो. व्हिडिओ पाहून माहिती वाढते, हात तसेच राहतात. हे आम्हालाही ठाऊक आहे, तरी व्हिडिओच करतो, कारण ते स्वस्त पडतात.

तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा अभ्यास उत्तर प्रदेशातला आहे. बाळंतपणाची सुरक्षा-यादी वापरायला शिकवण्यासाठी प्रशिक्षक प्रत्यक्ष दवाखान्यात जाऊन सिस्टरच्या शेजारी उभे राहिले. १२० दवाखाने होते, निकाल २०१७ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. दोन महिन्यांनी प्रशिक्षक गेलेल्या दवाखान्यांत ठरवलेल्या १८ कामांपैकी ७३ टक्के होत होती, बाकीच्या दवाखान्यांत ४२ टक्के. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर चार महिन्यांनी आकडा ६२ वर घसरला. आणि आई-बाळांच्या मृत्यूंत फरक पडलाच नाही. म्हणजे शेजारी माणूस उभा राहिला तर हात बदलतात. तो गेला की हळूहळू परत येतात. आणि हात बदलले म्हणजे जीव वाचलेच असंही होत नाही. ही तिसरी गोष्ट सांगताना वर्गात नेहमी शांतता पसरते.

ऑनलाइनमध्ये त्यातल्या त्यात बरं मला 'इको' पद्धतीचं वाटतं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हेपटायटिस-सीसाठी सुरू केली. तज्ज्ञानं भाषण ठोकायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं तिथं नसतं. दर आठवड्याला व्हिडिओवर गावातला डॉक्टर आपला खरा पेशंट मांडतो, बाकीचे सल्ला देतात, आणि पुढच्या आठवड्यात विचारतात, काय केलंस? सगळी मेख त्या शेवटच्या प्रश्नात आहे. तुमच्या कोर्समध्ये सहा आठवड्यांनंतर तुम्हाला कोणी विचारलं का, सिस्टर, त्या नाळेचं काय झालं?

वेळ किती लागतो याचं घरचंच उदाहरण द्यायचं तर गडचिरोलीचं आहे. तिथल्या ३९ गावांत 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. देशभरच्या आशांच्या कामात ते आलं २०११ ला. म्हणजे इतका ढळढळीत निकाल आणि इतकं जवळचं गाव असूनही बारा वर्षं.

तुमच्या बाबतीत मी इतकंच करीन: एका वेळी एकच बदल, आणि त्याच्या आधी-नंतर कागदावर सेकंद. फिशबोनच्या आकृत्या वगैरे राहू द्या, त्या आम्हाला परीक्षेत गुण द्यायला लागतात. आणि सरांना कोर्सची पीडीएफ दाखवू नका. तुमचे नऊ आकडे दाखवा.

---

गटप्रवर्तक, केळापूर साइड | १६ मे, सकाळी ९:४०

सिस्टर, मी आशायची गटप्रवर्तक हाय. सरायची कावीळीची गोष्ट वाचली अन् हसू आलं. अवं कावीळ पाह्यले आमच्या आशा हायेत ना! दवाखान्यात बाळंत झाली तं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी घरी जातेत. कातडी दाबून पाह्यतेत. तळहात-तळपाय पिवळे दिसले का लगेच पाठवा, हे त्यायले तोंडपाठ हाय. सहा भेटीचे २५० रुपये भेटतेत, त्याच्यासाठी तरी जातेतच.

पण घोळ कुठी होते ते मी सांगतो. तुमी अठ्ठेचाळीस तासानं सुट्टी देता, अन् मंग सून सासरी जातच नाई. भाऊ गाडी घेऊन दवाखान्यातच येते अन् तथूनच माहेरी नेते. मंग तिसऱ्या दिवशी आमची आशा घरी जाते तं सासू म्हणते, "पोरगी तं गेली." मंग ते लेकरू कोणाच्याच वहीत नसते. तुमी सुट्टीच्या टायमाले फकस्त इतकं विचारा का आता कुठी चालली. अन् ते चिठ्ठीवर लिहा. पुढचं मी पाह्यतो.

---

रात्रपाळीवाली सिस्टर | ३ ऑगस्ट, रात्री ११:५५

मास्तरांनी विचारलं होतं ना, कोणी विचारतं का, नाळेचं काय झालं? कोणी विचारलं नाही, मीच सांगते.

मे संपताना ट्रे बदलला. कात्री आणि चिमटे आता खालच्या कप्प्यात, झाकलेले. वर फक्त दोन सुके टॉवेल आणि ऑक्सिटोसिन (रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन) भरायची सिरिंज. इथं एक गंमत कळली. इतके दिवस बाळ आलं की नाळ कापा, बाळ वॉर्मरकडे न्या, मग धावत येऊन इंजेक्शन शोधा, असं चालायचं. एम्पुल फ्रिजमध्ये, फ्रिज दुसऱ्या खोलीत. आता डोकं दिसायला लागलं की मावशी एम्पुल आणून देते. बाळ पोटावर, पुसणं चालू, तोवर आईच्या मांडीत इंजेक्शन. हे सगळं होईपर्यंत मिनिट आपोआप जातं. उगाच हात बांधून थांबावं लागत नाही, आणि मला वाटतं आमची खरी अडचण तीच होती. लेबर रूममध्ये रिकामा हात कोणाला सहन होत नाही.

घड्याळाचा सेल मागितला, अजून आलेला नाही. मग मावशीच मोजते. तिला साठपर्यंत सलग मोजायचा कंटाळा, ती वीस-वीस तीनदा मोजते आणि जोरात ओरडते, "तीन विसा झाले!" आता बाळंतिणीपण तिच्यासोबत मोजतात. परवा एकीनं कळा सोसून घोगऱ्या झालेल्या आवाजात मावशीची चूक काढली, म्हणे तुमचे बारा दोनदा झाले.

आकडे सांगते. जून-जुलैत चोवीस बाळंतपणं. सतरा वेळा मिनिटाच्या वर गेलो. राहिलेल्या सातांपैकी दोन बाळं रडली नाहीत, लगेच कापून बॅग-मास्क लावला, दोन्ही घरी गेली. एकाच्या मानेला नाळेचा घट्ट वेढा होता. उरलेली चार मला खटकतात. चारही दिवसपाळीतली. दिवसा लेबर रूमच्या दारात सासू, नणंद, कधी सरपंचांचा फोन, कोणीतरी भेटीला आलेलं. सगळ्यांना बाळ लवकर बाहेर हवं असतं, फोटो काढायला. रात्री मी आणि मावशी एकट्या असतो, तेव्हा एकदाही हात चुकला नाही. माणसं कमी असली की काम बिघडतं असं मी आजवर प्रत्येक मीटिंगमध्ये बोलत आले. आता या आकड्यांचं काय करू कळत नाही.

सरांना आधी नऊ आकडे दाखवले, मग चोवीस. नऊ पाहून काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "यात माझी कुठली?" मी सांगितलं, तीन नंबरची आणि सात नंबरची. आता सुट्टीच्या कागदावर ते स्वतः लिहितात, 'बाळ कुठल्या गावी, आशा कोण'. दिवसपाळीच्या सिस्टर अजून ट्रे नीट दिसावा म्हणून कात्री वर आणून ठेवतात. मी रात्री आले की खाली ठेवते. असं आमचं चाललंय, भांडण नाही.

कावीळ: चोवीसपैकी एकोणीस बाळांची सातव्या दिवसाची खबर मिळाली. दोन पिवळी होती. एकाला पाठवावं लागलं, दोन दिवस लाइटखाली राहून परत आलं. गटप्रवर्तक ताईंची चिठ्ठी चालली म्हणूनच ते सापडलं. ताई, तुमचे उपकार.

पण राहिलेल्या पाचांपैकी तिघींचं माहेर आदिलाबादकडे आहे. चिठ्ठीवर गाव लिहिलं, पण पलीकडच्या आशाला मी ओळखत नाही, तिचा नंबर आमच्या कुठल्याच यादीत नाही, आणि फोन लागलाच तर ती तेलुगूत बोलणार. एका सुनेच्या भावानं फोनवर सांगितलं, "बाळ चांगलं आहे मॅडम, गोरंपान झालंय." आता गोरं म्हणजे गोरं की पिवळं, हे मी त्याला कसं विचारू?

राजुरा, किनवट, झरी, सीमेवरच्या कोणी पलीकडच्या आशांपर्यंत बाळ कळवायचा काही रस्ता काढलाय का? असेल तर लिहा. उद्या पुन्हा रात्रपाळी आहे, मी जागीच असेन.